पाच आठवड्यांचा सराव

"आज तुम्ही वाचा काका, आणि मावशींकडून म्हणवून घ्या. घरी करता तसंच. मी नुसती बघते," असं म्हणून मॅडमनी सरावाचा पाचवा कागद माझ्यापुढे सरकवला आणि खुर्ची मागे घेऊन बसल्या. एवढंच झालं. कोणी ओरडलं नाही, काही पडलं-फुटलं नाही. डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्याचं खालचं बेअरिंग गेलंय हे मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. पण मी आधी दाराकडे पाहिलं. शेजारी माझी मोठी बहीण, ताई, बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून, केस मला जमतील तसे मीच विंचरलेले. अर्धांगाचा झटका येऊन तिला अकरा आठवडे झाले होते. चालणं परत आलं, हात निम्मा आला, वाचा काही आली नाही. दिवसभरात चार-पाच शब्द निघायचे, तेही नको तिथे. सुरुवातीचे तीन-चार महिने फार मोलाचे असतात, रोज घरी सराव झाला तर शब्द परत येतील, असं वाचा-उपचार करणाऱ्या या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वयाने त्या माझ्या मुलीसारख्या, मला मुलगी असती तर. मी कागदाकडे पाहिलं. वर दहा शब्द, खाली चार वाक्यं. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "पाणी." ताईने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याखाली बोट नेऊन मी "दार" म्हटलं, तिसऱ्याखाली "चमचा".  मग मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, हे पहिल्या कागदावरचे शब्द आहेत."

पहिला कागद मला तोंडपाठ होता. तो त्यांनी स्वतः वाचून दाखवला होता, एकेका शब्दाखाली बोट ठेवून, आणि एकदा कानावर पडलेलं माझ्याकडून जात नाही. त्याच दिवशी निघताना त्यांनी दुसरा कागद नुसता हातात दिला. "आता तुम्हाला पद्धत कळलीच आहे," म्हणाल्या. पद्धत कळली होती, कागद कळत नव्हता. अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात असं काही लोक सांगतात. माझी नाचत नाहीत. ती निमूट उभी असतात, फक्त ओळख देत नाहीत. एकेकटं अक्षर मला येतं, नाही असं नाही. पण तिसऱ्या अक्षरापाशी पोचेपर्यंत पहिलं हातातून निसटतं, ते शोधायला मागे जावं तर तिसरं पसार. पूर्ण एकटा बसलो, कोणी बघत नसलं आणि घाई नसली, तर एक कागद मला तासा-दीड तासात लावता आला असता. अर्धा चुकीचा, पण अर्धा बरोबर. हे मी आता कबूल करतो, कारण तसा मी एकदाही बसलो नाही. मी स्वतःची समजूत काढली की शब्द कुठले का असेनात, तिच्या कानावर पडले आणि तिने तोंड हलवलं म्हणजे झालं. म्हणून पाच आठवडे रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिला बसवून मी नव्या कागदावर बोट ठेवत होतो आणि जुन्या कागदाचे शब्द म्हणत होतो. नंतर तेही संपले तेव्हा मनाने घातले. पकड, तार, भिंत, उशी. सरावाचा तक्ता होता, त्यात रोज बरोबरची खूण करायची. बरोबरची खूण मला फार झोकदार येते. पस्तीसच्या पस्तीस खुणा मी केल्या होत्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी बावन्न वर्षांचा, आणि माझी मूठ अजून झाकलेली. मोटारी रिवाइंड करण्याचं माझं दुकान आहे. पंखे, पंप, मिक्सर, जळालेलं काय वाटेल ते आणा. जुनी तार उपसून काढायची, वेढे मोजायचे, नवी तांब्याची तार तेवढ्याच वेढ्यांनी भरायची, वार्निश पाजून भट्टीत सुकवायची. मोटार बरी झाली की तिच्या आवाजावरूनच कळतं, त्याला वाचावं लागत नाही. कोणाची मोटार कुठली हे ध्यानात ठेवायला मी तारेचे रंगीत तुकडे बांधतो. लाल-पिवळा म्हणजे लाँड्रीवाला, दोन हिरवे म्हणजे शाळेचा पंप, काळ्यावर पांढरा म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर. लोकांना वाटतं ही कारागिराची खास रीत आहे. एकजण तर शिकून गेला आणि त्याच्या दुकानात तसेच तुकडे बांधतो, बिचाऱ्याला चांगलं वाचता येत असून. गल्ल्यापाशी ताई बसायची. पावत्या ती लिहायची, आलेला कागद ती वाचायची, सरकारी असो, औषधाचा असो की तारेच्या गुंडाळीवरची चिठ्ठी असो. गिऱ्हाइकाने माझ्यापुढे कागद धरला तर ती मान वर न करता म्हणायची, "त्याचे हात काळे आहेत, इकडे द्या." तीस वर्षं माझे हात काळे होते. ती हे कधी घरी आल्यावर बोलून दाखवायची नाही, मीही आभार मानले नाहीत. आमच्यात ते एक झाकलेलं भांडं होतं, त्याच्याभोवतीनं दोघंही चालायचो. एकदा माझ्या लग्नाचं घाटत होतं. मुलगी चांगली होती, हसरी. तिने सहज विचारलं, तुम्हाला वाचायला काय आवडतं. घरी येऊन मी ताईला सांगितलं की मुलगी मला पसंत नाही. का ते ताईने विचारलं नाही. पुन्हा स्थळही आणलं नाही.

ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील ट्रक चालवायचे, आठ-आठ दिवस बाहेर, तेव्हा मला शिकवायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. शाळेत गुरुजी विचारायचे, डोक्यात काय कांदेबटाटे भरलेत का, आणि वर्ग हसायचा, मीही हसायचो, कारण आपण हसलो की दुसऱ्यांचं हसणं जरा लवकर संपतं. घरी ताई हसायची नाही. "चल ठोंब्या," म्हणायची, आणि पुस्तक दोघांच्या मध्ये धरून एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचायची. ती वाचायची तेव्हा मला सगळं यायचं. धडेच्या धडे मी घडाघडा म्हणायचो. तिचा चेहरा फुलायचा. मग ती पुस्तकाच्या मधलंच पान उघडायची आणि म्हणायची, इथून वाच. आणि मी तिसरंच काहीतरी वाचायला लागायचो. सुरुवातीला ती समजावायची, मग चिडायची. "तुझं लक्ष नाही. तुला येतं, तू मुद्दाम करतोस. लक्ष कुठंय तुझं?" दोन-चारदा पट्टीनेही मारलं, आणि मारून झाल्यावर न्हाणीघराचं दार लावून रडली. ते मला ऐकू यायचं. पाचवीत मी दुसऱ्यांदा नापास झालो त्याच महिन्यात तिला शिक्षिका होण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. लहानपणापासून तिला तेच व्हायचं होतं, बाहुल्यांची हजेरी घेणारी मुलगी ती. वडील म्हणाले, जा, मी याचं बघतो. मी दाराच्या फटीत उभा होतो. ती म्हणाली, "नको बाबा. घरातल्या एका पोराला मला वाचायला शिकवता आलं नाही. चाळीस पोरांपुढे कुठल्या तोंडाने उभी राहू?" तिने टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी धरली, ते ऑफिस बंद झालं तेव्हा माझ्या दुकानात आली. फटीतून ऐकलेलं हे वाक्य मी कोणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. पण ते गेलं नाही, कानावर पडलेलं माझ्याकडून जात नाही हे मी सांगितलंच.

मॅडमनी पुन्हा विचारलं, "काका, इथे काय लिहिलंय?" मी म्हणालो, चष्मा घरी राहिला. चष्मा माझ्या खिशात होता आणि त्याची दांडी बाहेर दिसत होती. त्यांनी तिकडे पाहिलं, आणि त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उठून ताईच्या शेजारी खुर्ची घेतली. "मावशी, मी शब्द म्हणते, तुम्ही नुसतं बोट ठेवा. फुलपाखरू." ताईने डावं बोट चौथ्या शब्दाखाली ठेवलं. "बरोबर. शिडी." बोट सातव्यावर. "टोपली." दुसऱ्यावर. एक नाही, दोन नाही, दहाच्या दहा. मॅडमचा चेहरा उजळला, मग लगेच मावळला, कारण त्यांनी तक्ता हातात घेतला होता. "मावशींना आतून वाचता येतंय काका," त्या म्हणाल्या. "म्हणजे शब्द ओळखता येतोय, तोंडातून काढता येत नाहीये. अशा वेळी डोळ्यांना दिसणारा शब्द आणि कानावर पडणारा शब्द एकच असावा लागतो. रोज, पुन्हा पुन्हा. त्याच वाटेने ते बाहेर येतात. तुम्ही घरी..." 

पुढचं मला त्यांच्याकडून ऐकायला नकोच होतं. मला आमच्या टेबलाशी बसलेली ताई दिसत होती. मी शिडीखाली बोट ठेवून "भिंत" म्हणायचो आणि ती मान हलवायची, नाही, नाही. मी पुन्हा "भिंत" म्हणायचो, जरा मोठ्याने, ऐकू येत नसल्यासारखं. ती ओठ आवळून बसायची. कधी माझा हात ढकलायची. एकदा तिने पेन्सिल फेकून दिली आणि डोकं टेबलावर टेकलं. मला वाटलं झटक्याने तिची समज गेलीय, हट्टी झालीय, लहान मूल झालंय. आणि मी तिला म्हणालो होतो, हे बोलण्याऐवजी मला लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं, मी माझ्या तोंडाने तिला म्हणालो होतो, "ताई, तुझं लक्ष नाही." ती माझ्याकडे बघत राहिली होती. शब्द समोर दिसतोय, तो कुठला ते कळतंय, आणि समोरचा माणूस छातीठोकपणे भलतंच सांगतोय, आणि आपल्याला तोंड उघडून सांगता येत नाही. माझं सगळं बालपण मी तिला पाच आठवड्यांत परत केलं होतं, उलटं करून.

आणि दर आठवड्याला याच खोलीत मॅडम विचारायच्या, "मावशी, काका घरी सराव घेतात ना नीट?" आणि ताई हो म्हणून मान हलवायची. मला वाटायचं, तिला कुठे कळतंय, ती कशालाही मान हलवते. मॅडमनी आताही विचारलं, जरा खाली वाकून, तिच्या डोळ्यांत बघून. "मावशी, खरं सांगा, घरी काका असेच वेगळे शब्द म्हणायचे?" ताईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून तो पाचवा कागद तिने माझ्यापुढून ओढून घेतला, आपल्या मांडीवर पालथा घातला, त्यावर हात ठेवला आणि मॅडमकडे बघून ठामपणे मान हलवली, नाही. तिला तिचे शब्द परत हवे होते. रात्रंदिवस हवे होते, ते मी बघत होतो, ती आरशापुढे उभी राहून ओठ हलवायची. सांगितलं असतं, नुसतं बोट दाखवून, तर पहिल्याच आठवड्यात दुसरं कोणीतरी तिच्याजवळ बसलं असतं. तिने नाही सांगितलं. माझ्यासाठी तिने तेही सोडलं. एकदा कॉलेज सोडलं, आता वाचा.

"तिला काही विचारू नका," मी मॅडमना म्हणालो. "मला वाचता येत नाही." वाक्य अगदी लहान निघालं. एवढ्याशा वाक्याला मी इतकी वर्षं घाबरत होतो, आणि ते म्हणून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. सकाळच्या वेळात त्या वाचता न येणाऱ्या मुलांना तपासतात, हे मला तेव्हा कळलं. तुमचीही तपासणी करू या म्हणाल्या. त्यासाठी मी दोनदा गेलो, ताईला शेजारच्या बाईंजवळ बसवून. छोट्या टेबलाशी, मुलांसाठी केलेल्या खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन. त्यांनी आकडे म्हणायला लावले, आवाज तोडायला आणि जोडायला लावले, ठोकळ्यांचे नमुने जुळवायला दिले. ठोकळे मी त्यांचं सांगून संपायच्या आत जुळवले. मग अर्थ नसलेले शब्द वाचायला दिले आणि मी घामाघूम झालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. डिस्लेक्सिया. जन्मापासूनचा. मेंदूची अक्षरं लावण्याची रीत वेगळी असते, बुद्धीशी त्याचा संबंध नाही, उलट तुमची बुद्धी चांगली तल्लख आहे. "तुम्ही ढ नव्हतात काका. आळशीही नव्हतात. लहानपणी कळलं असतं तर वेगळ्या पद्धतीने शिकवता आलं असतं." हे सांगताना त्यांना बरं वाटत होतं, माझ्यासाठी. लोक हे ऐकून रडतात, काही हसतात, असंही म्हणाल्या. मला राग आला. कोणाचा ते ठरवता येईना. गुरुजी मरून गेले, वडील गेले, जळालेल्या मोटारीचाही दोष सापडतो, इथे कोणाचाच सापडत नव्हता. कोणाचा दोष नसताना एवढं सगळं गेलं, याचं काय करायचं असतं ते मॅडमच्या तपासणीत नव्हतं. मी एवढंच विचारलं, "ताईचे पाच आठवडे?" त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "ते गेले. अजून वेळ आहे, पण सुरुवातीला जेवढं आलं असतं तेवढं आता येईलच असं मी म्हणणार नाही." मग त्यांनी पाचही कागद माझ्या फोनमध्ये आपल्या आवाजात म्हणून दिले, पहिल्या शब्दापासून, सावकाश. अहवाल पाकिटात घालून दिला. दोन पानी होता.

घरी आलो तेव्हा दुपार होती. शेजारच्या बाई गेल्या. मी ताईसमोर बसलो, चहा दोघांच्या मध्ये, तो कोणी घेतला नाही. मी तिला सगळं सांगितलं. मला जन्मापासून एक गोष्ट आहे, तिला नाव आहे, ते नाव सांगितलं. मी मुद्दाम करत नव्हतो, म्हणालो. लक्ष होतं माझं ताई, सगळं लक्ष होतं. ती ऐकत होती. मी म्हणालो, सरावाचं मी तुला फसवलं, त्याला माफी नाही. त्यावर तिने डावा हात हवेत हलवला, जाऊ दे, जशी गिऱ्हाइकाच्या सुट्या पैशांवर हलवायची. मग मी म्हणालो, "आणि तुझं काही चुकलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, साध्या पद्धतीने मला कोणीच शिकवू शकलं नसतं. कोणीच. तू चांगली शिकवत होतीस. तू बाबांना काय म्हणालीस ते मी ऐकलं होतं. तू जायला हवं होतंस." तिचा हात हवेतच थांबला. चेहऱ्याची एक बाजू हलली, दुसरी हलत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते माझ्यासाठी नव्हतं, इतकं मला कळतं. दाराच्या फटीपलीकडची ती अठरा वर्षांची मुलगी होती, तिला आज कोणीतरी सांगत होतं की तू गेली असतीस तरी चाललं असतं.  चाळीस वर्षं उशिरा आलेल्या गोष्टीनंतर माणसाने काय बोलायचं असतं.

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. तिने टेबलावरच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. घरात आलेला कागद तिने वाचायचा, हा आमच्याकडचा नियम. मी अहवाल काढून दिला. ती ताठ बसली, कागद दोघांना दिसेल असा मध्ये ठेवला आणि पहिल्या ओळीखाली बोट धरून तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिने पुन्हा ओठ जुळवले, गळ्याची शीर फुगली, एक घोगरा स्वर निघाला आणि विरला. मी कागद काढून घेतला नाही, फोनही सुरू केला नाही. ती थांबली नाही. बोट शब्दाशब्दाखाली थबकत ओळीच्या टोकाला गेलं, दुसऱ्या ओळीवर आलं, आणि प्रत्येक शब्दावर तिचे ओठ हलत राहिले. मी वाकून तिच्या बोटाखाली बघत होतो. माझ्याविषयी काय लिहिलं होतं ते तिला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं, मला ऐकू आलं असतं तर कळलं असतं. तिने पान उलटलं, दुसरं पान तसंच शेवटपर्यंत नेलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कळलं का, असं ती विचारत होती. मी नाही म्हणालो. तिने पान परत उलटलं आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.